मेंढरांच्या देवीचा शोध

चहा आधी संपवा. हे ऐकताना कप हातातून पडला, तर मी जबाबदार नाही! बारीकसारीक घोळ माझ्या हातून पुष्कळ झालेत, पण हा जो झाला ना, तो आठवला की अजून माझे कान गरम होतात. आणि ऐका, त्या अख्ख्या घोळात कुणी एक शब्दही खोटं बोललं नव्हतं. मीही नाही!

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी संदर्भ विभाग सांभाळतो. सव्वीस वर्षं झाली. म्हणजे काय करतो? लोक विचारतात, मी शोधून देतो. पूर्वी कुणी आलं, 'ज्वारीवरच्या चिकट्याबद्दल काही आहे का?' असं विचारलं, की मी आधी त्याला बसवायचो. पाणी द्यायचो. कुठून आलात, कशाला हवंय, परीक्षेला की शेताला, सगळं विचारायचो. मग कार्डांचे खण ओढायचे, शिडी लावायची, धूळ खायची, शिंकायचं. दोन दिवसांनी तो माणूस परत आला की त्याच्यासमोर तीन पुस्तकं आणि एक जुनं मासिक ठेवायचं. तोवर चिकटा त्याची ज्वारी खाऊन गेलेला असायचा, ही गोष्ट वेगळी.

मग आला डेटाबेस. मी आधी विरोधातच होतो. 'वीज गेली की जे ज्ञान जातं, ते ज्ञान कसलं?' असं मी भर मीटिंगमध्ये म्हणालो होतो, आणि टाळ्याही मिळाल्या होत्या. पण दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं आणि मी पार विरघळलो की हो! दोन शब्द टाईप करायचे, एक बटण दाबायचं, चार हजार लेख हजर! ना शिडी, ना शिंक. महिन्याभरात मला असं वाटायला लागलं, की ते सगळे लेख मीच लिहिलेत. माणूस तोंड उघडायच्या आत माझी बोटं कीबोर्डवर. पाणी देणं बंद. कशाला हवंय हे विचारणं तर केव्हाच बंद!

आता तो दिवस. मंगळवार, सकाळचे अकरा, सोलापूरचं ऊन. माझ्या शेजारच्या टेबलावर मराठी विभागाच्या शैलजा मॅडम बसलेल्या. त्यांचा विषय लोकदेवता. कुठल्याशा मोठ्या चर्चासत्राला त्यांना संध्याकाळपर्यंत निबंधाचा गोषवारा पाठवायचा होता, आणि सकाळपासून त्या उसासे टाकत होत्या.

"सगळ्या देवींवर लिहून झालंय हो लोकांचं. नवीन एक देवी म्हणून उरली नाही!"

तेवढ्यात दारात एक माणूस उभा राहिला. साठीचा. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, पायातल्या वहाणा काढून हातात घेतलेल्या.

"या, आत या. वहाणा घाला," मी म्हणालो.

"मायाप्पा म्हन्त्यात मला. सांगोल्याच्या पल्याडनं आलोय," तो म्हणाला. "घरचीचं डोळ्याचं आपरेशन हुतं सिव्हिलला. आमचे मास्तर म्हनले, जाताय तर तितल्या कॉलेजात जावा, त्येंच्या कॉम्प्युटरात समदं असतंय."

"अगदी सगळं! बोला, काय पाहिजे?"

"मेंढरांच्या देवीची म्हायती पायजे हुती."

शैलजा मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. अहो, देव पावणं म्हणतात ते हेच!

"मेंढरांची देवी?" मॅडम खुर्चीसकट सरकल्या. "नाव काय तिचं?"

"नाव कशाचं? देवीच म्हन्त्यात."

"निनावी देवी!" मॅडम पुटपुटल्या आणि लिहायला लागल्या.

"कुठं असते ती?" मी विचारलं.

"आदी तोंडापाशी. मग हळूहळू पोटाखाली. मग शेपटीखाली."

"ओढ्याच्या तोंडापाशी असणार," मॅडम माझ्या कानात म्हणाल्या. "पोटाखाली म्हणजे डोंगराच्या." शेपटीखालचा अर्थ लागायला जरा वेळ लागला, पण वस्तीचं शेवटचं टोक, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. मिळून, बरं का! एम.ए., पीएच.डी. आणि ग्रंथालयशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर.

"येते केव्हा?"

"बाजारातनं नवी मेंढरं आनली, की त्येंच्यासंगं येती."

"कळपाबरोबर फिरणारी देवी!" मॅडमनी वहीचं पान उलटलं.

"आणि आली की तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"काय करनार? बाजूला ठिवतो. कुनाला शिवू देत न्हाय. लिंबाचा पाला लावतो."

"सोवळं," मी म्हणालो. मॅडमनी मान डोलावली.

"बळी वगैरे?" मॅडमनी आवाज खाली आणून विचारलं.

मायाप्पाचा चेहरा उतरला. "अकरा झाले की, बाई."

"अकरा? वर्षात?"

"सा दिसात."

मी हादरलो. सहा दिवसांत अकरा बळी! आपल्याच जिल्ह्यात, आजच्या काळात!

"पण... देतं कोण हे बळी?" मॅडमनी विचारलं.

"कोन देतंय, बाई? तीच घेती."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मायाप्पाच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं. आणि आम्हा दोघा शहाण्यांना काय वाटलं, सांगू? भक्ती!

मग मी कीबोर्ड जवळ ओढला. इंग्रजीत देवी, इंग्रजीत मेंढी, बटण दाबलं. तुमची शपथ, शेकडो लेख! कुठल्या कुठल्या देशांतल्या मेंढपाळांच्या देवता, त्यांचे नवस, त्यांचे नाच. निवडून निवडून त्रेसष्ट पानं छापली. प्रिंटर गरम झाला होता, मीही झालो होतो.

मायाप्पानं तो गठ्ठा दोन्ही हातांनी घेतला.

"उरलेल्यांकडं ती वळू नये म्हनून काय करायचं, त्ये हाय का ह्यात?"

"आहे की! सतरा प्रकार आहेत!"

"लई उपकार झाले, साहेब." आणि तो माणूस माझ्या पाया पडायला वाकला हो. मी त्याला वर उठवलं. मोठ्या मनानं!

तो गेला. मॅडमनी तिथंच बसून गोषवारा लिहिला, तिथंच पाठवला आणि तासाला पळाल्या. मी खुर्चीत मागे टेकलो. असा दिवस सव्वीस वर्षांत आला नव्हता.

नरसम्मा पुस्तकं लावत होत्या. आमच्या ग्रंथालयात त्या मदतनीस आहेत. माहेर-सासर दोन्हीकडं चादरींचे माग, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, बिचाऱ्याची अकरा मेंढरं गेली. आता बाकीच्यांना लस मिळाली म्हणजे बरं."

"लस? कसली लस?"

"देवीची."

"देवीची लस?" मी हसलो. खरंच हसलो! "अहो, तो देवीबद्दल विचारत होता. देवी!"

नरसम्मांनी पुस्तक खाली ठेवलं. माझ्याकडे असं पाहिलं, की वर्गातल्या ढ मुलाकडे बाईसुद्धा तसं पाहत नाहीत.

"सर, अंगावर फोड येतात ती देवी. आमच्या तेलुगूत पण अम्मवारूच म्हणतात, म्हणजे देवीच. तुमच्या दंडावर काय आहे?"

मी शर्टाची बाही वर केली. दंडावर रुपयाएवढा गोल वण. लहानपणी आईनं दाखवून सांगितलेला. 'हे बघ, इथं तुला देवी काढल्या होत्या.'

मी उभा राहिलो. तोंडापाशी. पोटाखाली. शेपटीखाली. तीच घेती! एकेक वाक्य आता सरळ होऊन माझ्या डोक्यात आदळत होतं. त्या माणसाची जित्राबं मरत होती, तो रडत होता, आणि मी त्याला परदेशी देवींचे नाच छापून दिले होते!

"सर, स्टँडवर असतील अजून," नरसम्मा म्हणाल्या. "जावा की!"

मी धावलो. रस्त्यावर आलो, रिक्षात उडी टाकली.

"एसटी स्टँड! लवकर!"

"क्या हुआ साब? कोई बीमार है क्या?"

"मेंढरं!" मी ओरडलो.

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रिक्षा सुसाट सोडली.

सांगोल्याची गाडी फलाटाला लागलेली, इंजिन सुरू. खिडकीशी मायाप्पा. शेजारी डोळ्याला हिरवी पट्टी लावलेली त्याची बायको. गठ्ठा मांडीवर, आणि तो माणूस एकेक पान उलटून त्यातली चित्रं बघत होता.

"मायाप्पा! उतरा! खाली उतरा!"

"काय झालं, साहेब?"

"चुकलं! माझं चुकलं! देवी म्हणजे रोग ना हो तो?"

मायाप्पा माझ्याकडे बघतच राहिला. "मग? दुसरं काय?"

"मला वाटलं... देवळातली."

त्याची बायकोच, पट्टीमागून, गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं बया! मेंढरं मराय लागल्यात आन् हे देवळात जाऊन बसलं व्हय!"

अख्खी गाडी माझ्याकडे बघत होती. कंडक्टरसुद्धा.

"मला बी वाटलं," मायाप्पा खाली उतरत म्हणाला, "बळी कोन देतंय असं का इचारत्यात बाई. पन म्हनलं, शिकलेली मानसं हायती. आसंल काय तरी."

मी त्या दोघांना परत ग्रंथालयात आणलं. आधी बसवलं. पाणी दिलं. मग विचारलं. मेंढरं एकशे वीस. त्यातली अकरा गेलेली, नऊ आजारी. गावचा जनावरांचा डॉक्टर घरच्या लग्नासाठी रजेवर. तोवर उरलेल्यांचं काय करायचं, एवढाच त्या माणसाचा प्रश्न होता. एवढाच! तो मी विचारून घेतला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं.

आता रोगाचं नाव घालून शोधलं. लेख आलेच, चांगले आले. पण ते वाचून मायाप्पाला समजावणार कोण? मी? माझ्यावरचा माझाच विश्वास उडाला होता. मी सरळ शहरातल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्याचा नंबर शोधला आणि फोन लावला.

"डॉक्टरसाहेब, माझ्यासमोर यावर चौदा लेख आहेत..."

"लेख राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "गाव कुठलं, ते सांगा."

मी फोन मायाप्पाच्या हातात दिला. ते दोघं पाच मिनिटं बोलले. आजारी मेंढरं पार लांब बांधा, त्यांचं पाणी वेगळं करा, धडधाकट असतील त्यांना लस देऊ, उद्याच माणूस पाठवतो. झालं! सगळा संदर्भ तेवढाच होता.

दुसऱ्या दिवशी खरंच लस पोचली. रोज संध्याकाळी मी मायाप्पाला फोन करायचो. आणखी चार गेली. पाचवी जाणार जाणार म्हणता राहिली. पंधराव्या दिवशी तो म्हणाला, "साहेब, आता न्हाय कुनाला काय. एकशे पाच हायती, समदी चरत्यात." मी फोन ठेवला आणि नरसम्मांना पेढे आणून दिले. त्यांनी एक घेतला आणि म्हणाल्या, "बाकीचे शैलजा मॅडमना द्या, सर. त्यांना अजून सांगितलं नाही ना तुम्ही?"

अरे देवा! मॅडम!

मी पेढ्यांसकट त्यांच्या खोलीत गेलो. सांगितलं. सगळं. मॅडम पांढऱ्या पडल्या. मग लाल झाल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"अहो, 'बळी स्वतः घेणारी देवी' असं मी ठळक अक्षरांत लिहिलंय!"

"मागे घ्या ना मग."

घेतला की. चर्चासत्रात निबंध वाचलाच नाही मॅडमनी. आयोजकांना पत्र पाठवलं. पण उत्तर आलं, की गोषवारे सगळे आधीच ऑनलाईन चढले आहेत, आता काढता येणार नाहीत, क्षमस्व. मॅडम महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी म्हटलं, जाऊ दे, कोण वाचतंय!

कोण वाचतंय? अहो, सव्वीस वर्षं मी चुकलो, तर ती चूक टेबलाच्या अलीकडे-पलीकडे राहायची. फार तर एक माणूस चुकीचं पुस्तक घरी न्यायचा. परवा सहज आमच्या डेटाबेसात मेंढ्या आणि सोलापूर असं टाकून पाहिलं. पहिलाच निकाल कुठला? निनावी, फिरती, उग्र देवता. शेपटीच्या स्थानासकट! आणि खाली 'मौलिक माहितीबद्दल आभार' म्हणून माझं पूर्ण नाव. हुद्द्यासकट. ईमेलसकट!

त्या ईमेलवर पत्रही येऊन पडलं होतं. हैदराबादचा कुणी संशोधक. पुढच्या महिन्यात सोलापूरला येतोय, देवीच्या मूळ स्थानी नेऊन दर्शन घडवाल का, म्हणून विचारत होता. आता याला काय उत्तर देऊ? शेवटी मायाप्पाला फोन लावला.

"मायाप्पा, पंचाईत झालीये हो. एक माणूस देवीच्या दर्शनाला येतोय."

पलीकडे तो इतका हसला, की मागची मेंढरं ओरडायला लागलेली मला ऐकू आली.

"येऊ द्या की, साहेब! देवी तर गेली. पन पुजारी हाय म्हनावं. कॉलेजात, कॉम्प्युटरम्होरं बसलेला आसतोय!"