आरशावरचा वारा

वाल्मिकच्या घराला चौकट आहे, कवाड नाही. शनिशिंगणापुरातलं जुनं घर; गावाची राखण शनिदेवाकडं, म्हणून कवाड लावायचं नाही. चौकटीत नुसता पडदा.

आधी तो सुप्याच्या कारखान्यात भिंगं घासायचा. तिथली खोली बंद आणि बारा महिने सारखी गार. वडील गेल्यावर आई, भागिरथीबाई, एकटी पडली, म्हणून तो परतला. आता देवळाकडच्या रस्त्याला तेल आणि रुईच्या माळा विकतो. जीव मात्र मागच्या खोलीत, ताटाएवढ्या काचेत अडकलेला.

राहात्याच्या एका शाळेला दुर्बीण करायची होती. तिचा आरसा घासून द्यायचं वाल्मिकनं कबूल केलं. हा जमला तर दुकान सोडायचं आणि हेच काम धरायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. शाळेतले सर सोमवारी आरसा न्यायला येणार होते.

घासणं हातातलं होतं. तपासणं नव्हतं. खोलीच्या एका टोकाला आरसा, दुसऱ्या टोकाला बारीक दिवा आणि ब्लेडचं पातं. परतून येणारा उजेड पात्यानं कापला की आरशावर सावली उमटते, आणि केसाहून बारीक उंचवटाही डोंगराएवढा दिसतो. फक्त हवा हलता कामा नये, काच सगळीकडून सारखी गार हवी. इथं पडदा फडफडायचा आणि सावली तापल्या डांबरावरच्या हवेसारखी थरथरायची.

मंगळवारी त्याला कडेला उंचवटा दिसला. दुपारभर घासून काढला. दुसऱ्या सकाळी बघतो तर तिथं खळगा! उंचवटा नव्हताच. उन्हाच्या झळांनी कड तेवढी फुगली होती. खळगा मात्र खरा, त्याच्याच हातचा.

त्यानं चिडून प्लायवूडची फळी आणली.

“हे रं काय?” आईनं विचारलं.

“तपासताना नुसती टेकवतो.”

“टेकवलं तरी कवाडच ते.”

“चोराला न्हाई गं, वाऱ्याला अडवायचंय!”

“वारा काय चोरतोय तुझं?”

“समदं!”

त्यानं तिचा हात धरून काचेवर ठेवला, मग तिला पात्यामागं बसवलं. “बघ.”

आरशावर पाच बोटं टम्म फुगून वर आली होती.

“अगं बया! माझा पंजा सुजला की!”

“तुझ्या हाताच्या उबेनं एवढं. मग झळ लागल्यावर काय हुत असंल?”

तिनं आपला पंजा न्याहाळला. फळी मात्र स्वतः उचलून गोठ्यात ठेवून आली.

खळग्याभोवतीची काच घासून सारखी करायला त्याला शनिवार उजाडला. काच दिवसभर निवू दिली. संध्याकाळी तो तपासायला बसला, तशी आई गोधडी घेऊन आली. चौकटीत आडवी धरली आणि तिला पाठ लावून बसली.

“कवाड न्हाई लावायचं. पन मी बसले तर देव काय म्हननार हाय? बघ आता.”

पडदा थांबला. सावलीही थांबली. वाल्मिकनं श्वास रोखला. मग आरशावर खालून धुरासारखं काहीतरी वर चढू लागलं. त्यानं डोळे चोळले. पुन्हा तेच. आईच्या अंगची ऊब होती ती. ती उठली तर वारा, बसली तर ऊब.

“थांबला का रं वारा?”

“थांबला.”

“मग झाला का आरसा?”

त्यानं दिवा मालवला. तिला ओलांडून अंगणात गेला आणि फोन लावला.

“सर, सोमवारी येऊ नका. आरसा बरोबर हाय का न्हाई, मलाच दिसत न्हाई.”

“मग कधी येऊ?”

 फोन कानाला धरूनच तो घराकडं वळला.

चौकटीतून आईनं हाक दिली. “वाल्मिक, अजून बसू का रं?”