गेळाचा पहिला घास

माझ्या भावाला सगळे सज्जन म्हणतात. म्हणोत बापडे! मी म्हणणार नाही, आणि का ते आज सांगूनच टाकते.

आमची आई मासे धरायची जाळी विणायची. पण गल्लीत ती ओळखली जायची गेळासाठी. घरामागे तिने गेळाचं कुंपण वाढवलं होतं. नुसतं काट्याकाट्यांचं झुडूप, त्याला लिंबाएवढी पिवळट फळं. कुणाचा पाय मुरगळला की आई गेळाची साल उगाळून लेप लावायची. धान्याच्या डब्यात कीड लागू नये म्हणून वाळकी फळं टाकून ठेवायची. बाबा गेले तेव्हा दादा आणि मी शाळेत होतो. त्या झुडपाच्या जिवावर तिने आमची पोटं भरली.

उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी उतरलं की कडेला डबकी तुटून राहतात. आई कच्ची फळं ठेचून डबक्यात कालवायची. मासे गुंगून वर यायचे. मोठे तेवढे उचलायचे आणि लगेच चर खणून ओढ्याचं ताजं पाणी आत घ्यायचं, म्हणजे बारके शुद्धीवर येतात. वाहत्या पाण्यात गेळ टाकायचं नाही म्हणजे नाही. आणि डबक्यात ज्याने गेळ कालवलं, त्याने मासा बाधत नाही हे दाखवायला शिजवलेल्या माशाचा पहिला घास सगळ्यांसमोर खायचा. तोवर बाकी कुणी ताटाला हात लावत नसे. पाहुणा असला तरी थांबायचा.

एका सकाळी ओढाभर मासे पोटं वर करून तरंगताना दिसले. वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना, आणि दादा तिथेच कामाला. आदल्या दिवशी जेवताना त्यानेच सांगितलं होतं, "उद्या पहाटे हौद धुऊन पाणी ओढ्यात सोडायचंय." आईने ऐकलं, मी ऐकलं. आणि आता हा शहाणा कारखान्याच्या मुकादमाशेजारी उभा राहून लोकांना काय सांगतो? "आईनेच गेळ टाकलं असणार. वय झालं, तिला आता कळत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कळत नाही? जिने तुला घास भरवले तिला कळत नाही?

लोक कुऱ्हाड घेऊन कुंपण तोडायला आले. मी आडवी आले. "अरे, वाहत्या पाण्यात गेळ टाकतं का कुणी? अक्कल गहाण ठेवलीत का?"

"पोटचा मुलगाच सांगतोय की," कुऱ्हाडवाला म्हणाला.

आई ओढ्यावर गेली, तरंगणारा एक मासा घेऊन आली. अंगणातल्या चुलीवर तवा ठेवला, मासा भाजला, ताटात घेतला आणि सगळ्यांसमोर मांडी घालून बसली.

"मी टाकलंय म्हणता ना? मग पहिला घास माझा."

मुकादम खाकरत मागे सरकला. आईने घास उचलला. नजर दादावर. त्या माशात काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मला वाटलं, आता बोलेल, आता बोलेल. हा मूग गिळून स्वतःच्या चपलांकडे बघतोय! घास तिच्या ओठांशी पोचला तशी मी धावले आणि तिच्या हातावर फटका मारला. ताट उलटलं.

"कारखान्याचं विष आहे त्यात! यानेच सोडलंय!" मी किंचाळले. मातीत पडलेला तुकडा उचलून दादाच्या तोंडापुढे धरला. "गेळ आहे ना? मग खा की!"

तो दोन पावलं मागे गेला. लोकांना तेवढं पुरलं. कुऱ्हाडवाल्याने माझ्याकडे न बघता वाट धरली, मागोमाग बाकीचेही पांगले. कुंपण वाचलं.

आणि आई? ती माझ्यावरच उखडली. "तू कशाला मध्ये कडमडलीस? तो बोलणारच होता."

दादाने ते लगेच उचललं. अजूनही भेटेल त्याला ऐकवतो, "मी बोलणारच होतो, हिनेच घाई केली." आई होती तोवर बाजूला बसून मान डोलवायची. माझा असा संताप व्हायचा! एकदा तो घरी नसताना मी तिला विचारलंच, "आणि नसता बोलला तर?"

हातातलं जाळं तिने खाली ठेवलं नाही.

"मग खाल्ला असता," ती म्हणाली.