सहाशे वर्षांपूर्वीची सबुरी

सुलभा टिपणीस अरबी शिकते, ही बातमी शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात फुटली आणि तिच्या नवऱ्याला, नरेंद्रला, तोंड लपवायला जागा उरली नाही. बाई कोण, तर नागपूरची बी.ए., लायब्ररीत पुस्तकं लावणारी, सत्तेचाळिशीची! बरं, शिकायचंच होतं तर कॉम्प्युटर शिकावा. शहाऐंशी साल होतं, ज्याच्या त्याच्या तोंडी तेच होतं. पण नाही! ही आठवड्यातून दोनदा ट्रेननं शिकागोला क्लासला जाणार आणि सहाशे वर्षांपूर्वीचं अरबी वाचणार.

"वहिनींना दुबईत जॉब लागला की काय, यार?" मंडळाच्या पॉटलक जेवणाला नरेंद्रचा मित्र उल्हास यानं डोळा मारत विचारलं. सगळे खो खो हसले. नरेंद्रही हसला, पण अंगाची नुसती लाही लाही झाली.

शनिवारी दुपारी सुलभा ग्रोसरीला गेली, तेव्हा त्यानं टेबलावरची तिची वही उघडली. बघू तरी, काय दिवे लावतेय! एका पानावर ती उलटी लिपी, त्यातलं त्याला काय कळणार? समोरच्या पानावर मात्र स्वच्छ मराठी होतं.

'तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी त्यानं पाणी मागितलं. मी आणेपर्यंत तो गेला होता. लोक म्हणतात, सबुरी धर. ज्यांची लेकरं अंगणात खेळतायत, तेच म्हणतात.'

नरेंद्रनं ते पुन्हा वाचलं. अरे, हा तर अमित! साडेचार वर्षांचा, असाच तापानं गेलेला. हॉस्पिटलात पाणी आणायला सुलभाच गेली होती. आणि ती सबुरी! 'सबुरीनं घ्या,' असं नरेंद्रच्या आईनंच नागपूरहून कळवलं होतं. अकरा वर्षं या घरात पोराचं नाव कुणी काढलं नव्हतं; फोटोसुद्धा त्यानं स्वतः ट्रंकेत टाकले होते. आणि ही बया ते सगळं क्लासमध्ये मांडून बसली?

सुलभा पिशव्या घेऊन दारात आली, तशी त्यानं वही आपटली. "लाज नाही वाटली? आपलं पोर परक्यांना वाचून दाखवतेस?"

"अहो, हे मी लिहिलेलं नाही."

"मला मूर्ख समजतेस? सबुरी काय अरबी शब्द आहे?"

"अरबीच आहे. सब्र. तिकडूनच आपल्याकडं आला." तिनं वही उचलली. "दमास्कसच्या एका बापानं लिहिलंय हे. प्लेगात मुलगा गेला त्याचा. तेव्हा पुस्तकंच लिहायचे अशी, पोरं गेलेल्या आईबापांसाठी. लायब्ररीत एकाचं इंग्रजी भाषांतर हाती लागलं, उभ्याउभ्या वाचलं, मग त्याच्याच भाषेत वाचावंसं वाटलं. इथं माझ्याशी कुणी बोलत नव्हतं हो. तुम्हीसुद्धा नाही."

नरेंद्रनं तिच्या हातातली वही घेतली, पुन्हा ते पान काढलं. सहाशे वर्षांपूर्वीचा कोण कुठला माणूस, आणि तोही पाणी घेऊन उशिराच पोचला!

"काय नाव होतं त्या मुलाचं?" त्यानं विचारलं.

"ठाऊक नाही. मूळ हस्तलिखितात नेमकं तेवढंच कसरीनं खाल्लंय. मी जागा कोरी सोडलीय."

नरेंद्रनं ती कोरी जागा शोधली. तिच्यावर बोट ठेवलं.

"अमित लिही," तो म्हणाला.

सुलभाच्या हातात अजून पिशव्या होत्या. त्या तिनं खाली ठेवल्या आणि ती पेन शोधायला लागली.