सड्याला लागलेलं कुलूप

प्रा. सुमती मगदूम यांची माझी पहिली ओळख गुडघे टेकून झाली. मी सातारच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राला नुकताच प्रवेश घेतला होता आणि बाई आमच्या वर्गाला पाटणच्या वरच्या अंगाला, नेमक्या माझ्याच गावच्या सड्यावर घेऊन आल्या होत्या. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्याचं पठार, वर बोटभर माती. माझं लहानपण तिथं गेलेलं, त्यामुळे मी जरा मिजाशीतच होतो. बाईंनी विचारलं, "काय दिसतंय?" मी म्हणालो, "खडक." त्या म्हणाल्या, "उभ्यानं तेवढंच दिसतं. गुडघे टेका." टेकले, तर सीतेची आसवं म्हणतात ती नखाएवढी जांभळी फुलं चहूकडे पसरलेली. ती मी जन्मापासून तुडवत आलो होतो.

बाईंच्या या गौरवअंकात कडू काही नको, असा संपादक मंडळाचा निरोप आहे. तो पाळणं मला जमेल असं वाटत नाही. बाईंचं म्हणणं ज्यांनी ऐकलं नाही, त्यांनीच त्यांच्या पंचाहत्तरीचा मांडव घातला आहे.

बाई सांगलीकडच्या जैन शेतकरी घरातल्या. सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवायचं नाही, हा त्यांचा नेम आजही आहे. एकदा कोयनानगरहून परतताना घाटात आमची एसटी बंद पडली. बाईंनी आपला डबा उघडला, सगळ्यांना वाढला आणि "आधी पोरांचं होऊ द्या" म्हणत राहिल्या. आमचं होईतो ऊन डोंगराआड गेलं होतं. बाईंनी रिकामा डबा पुसून पिशवीत ठेवला आणि पाण्याशिवाय काही न घेता साताऱ्याला पोचल्या. या गोष्टीचा उल्लेख त्यांनी पुन्हा कधी केला नाही. मला मात्र त्या चपात्या अजून आठवतात.

पुढे सड्याचं नाव झालं. फुलांच्या दिवसांत मोटारींची रांग लागू लागली आणि फुलं वाचवण्यासाठी आपली संवर्धन समिती उभी राहिली. हेतू चांगला होता, हे मी नाकारत नाही. समितीनं पहिल्याच दणक्यात सड्याला तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं आणि गावच्या गुरांना बंदी केली. गुरं फुलं तुडवतात, एवढंच आपल्याला दिसत होतं.

हा ठराव ज्या सभेत आला, तिथं विरोधाला एकट्या बाई उभ्या राहिल्या होत्या. पावसाच्या सुरुवातीला गुरं गवत खातात, म्हणून पुढे बुटक्या फुलांना ऊन मिळतं, हे त्यांनी शांतपणे समजावलं. सड्याला माणसांच्या पायांपासून जपा, गुरांना येऊ द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. आपले अध्यक्ष हसून म्हणाले, "आवं बाई, तुमी जैन मान्सं. मुंगीला जपनारी. आनि फुलांवर म्हशी सोडा म्हंताय?"

बाई म्हणाल्या, "गवत कुणीतरी खाल्लं पाहिजे, अध्यक्ष. म्हशी नकोत तर तुम्ही खाणार का?"

सभा हसली, ठराव मात्र मंजूर झाला. बाई घरी गेल्या. त्यांचा अपमान झाला असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. मला वाटलं होतं, आणि आजही वाटतं.

पुढच्या पावसाळ्यांत गवत मांडीला लागलं. सीतेची आसवं त्याखाली गुदमरली. तेरडाही हटला. आमच्याकडे गौर म्हणजे तेरडा, आणि सडा तिचं माहेर. बायकांनी सड्यावर जायचं, तेरड्याची जुडी बांधायची आणि गाणी म्हणत तिला घरी आणायचं. आमच्या शेजारच्या हौसाबाईंच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या सड्यावर चरलेल्या. त्या वर्षी हौसाबाई पाटणच्या बाजारातून तेरडा विकत घेऊन आल्या. वाटेत बाई भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आवं बाई, गौर पिशवीत घालून आनली बगा. माहेरला कुलूप हाय म्हनून कसं सांगायचं तिला?" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

अखेर समितीला चूक कळली. कुंपण निघालं, त्याचाही समारंभ झाला, भाषणं झाली आणि एकाही भाषणात बाईंचं नाव नव्हतं. पण तोवर चरायला जागा नाही म्हणून गावानं गुरं विकली होती. हौसाबाईंच्या गोठ्यात आता पर्यटकांच्या मोटारी उभ्या राहतात. फाटक उघडलं खरं, पण आत सोडायला म्हैस कुठं होती?

तेव्हा बाईंनी हातात विळा घेतला. सड्याच्या एका कोपऱ्यातलं गवत त्या दर वर्षी फुलं धरायच्या आधी कापतात आणि वाहून बाहेर टाकतात. हौसाबाई सोबत असतात. मी जमेल तेव्हा जातो, पण माझी कंबर लवकर हरते. विळ्यानं साधेल ते एवढ्याशा तुकड्यात, बाकीच्या सड्याला गुरंच हवीत, हे बाई स्वतःच सांगतात. तरी त्या तुकड्यात आसवं परतली आहेत. गेल्या वर्षी हौसाबाईंनी गौर तिथूनच नेली. बाकीचा सडा हिरवागार दिसतो आणि लोक त्याचेच फोटो काढून खूश होतात.

भेट काय द्यावी, असं समितीनं विचारलं तेव्हा बाईंनी सांगितलं, "शाल नको. गावात चार घरांना गुरं घेऊन द्या." पुढच्या सभेत विचार करू, असं उत्तर गेलं. शालीची ऑर्डर मात्र त्याच दिवशी गेली. निमंत्रणपत्रिकेवर फुलांनी भरलेल्या सड्याचा सुरेख फोटो आहे. बाईंनी तो चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाल्या, "हा कुंपणाच्या आधीचा."

सत्काराचा मुहूर्त नेमका गवत कापायच्या दिवसांत धरला आहे. बाई येणार आहेत, कारण बोलावणाऱ्याला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. सकाळचं कापून झालं की येते, असं त्यांनी कळवलं आहे.

बाईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे शाबूत राहोत, हातातला विळा सुटू नये, हीच माझी प्रार्थना. ती निव्वळ प्रेमापोटी आहे असं म्हणायला मी धजणार नाही. गवत दर वर्षी वाढतं, आणि या अंकात लिहिणाऱ्या आपल्यापैकी कुणीही अजून दुसरा विळा मागितलेला नाही.