सीड प्लॉटवरची चौदावी मुलगी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र वेगळं राहिलं, कारण त्याचे सरकारी कागद एक सांगतात आणि मला दुसरंच माहीत आहे.

तो बीटी कपाशीचा काळ. बियाण्याच्या दुकानांपुढे रांगा लागायच्या आणि बंदोबस्ताला आमचे शिपाई उभे असायचे. पण ते बियाणं तयार कसं होतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. ज्याच्या विहिरीला पाणी, तो बियाणे कंपनीसाठी शेतात सीड प्लॉट घ्यायचा. तिथे संध्याकाळी मादी झाडाची प्रत्येक कळी अंगठ्याच्या नखाने सोलून आतले पुंकेसर काढतात, आणि सकाळी नराचं फूल त्यावर घासतात. हजारो कळ्या, रोज. हे काम लहान बोटांना चांगलं जमतं, म्हणून मुकादम गावोगावहून मुली आणतात.

मी तेव्हा जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. शिपाई म्हणून भरती होऊन, खात्याच्या परीक्षा देत तिथवर पोचलो होतो. माझ्या हाताखाली एक महिला उपनिरीक्षक होत्या, स्पर्धा परीक्षेतून थेट आलेल्या. त्यांचा एक पंचनामा एसपी साहेबांनी गुन्हे बैठकीत वाचून दाखवला आणि आम्हा जुन्यांना म्हणाले, "असा लिहीत जा." त्या दिवसापासून त्यांचा प्रत्येक कागद मी चूक शोधायला वाचू लागलो. चूक सापडली नाही की माझा दिवस खराब जायचा.

एका दुपारी बांगड्या विकणारी मनियारीण टोपली घेऊन ठाण्यात आली. माझ्या केबिनसमोरून सरळ पुढे गेली आणि उपनिरीक्षकांच्या टेबलाशी बसली. ते मला खटकलं. मी दारात उभा राहून ऐकलं.

"बाई, सीड प्लॉटवर चुडी भराले एका पोरीचा हात हातात घेतला. अंगठा असा टम्म सुजेल व्हता! हळूच म्हनली, मौसी, माह्या मायले सांगजो मी अठी हाव, हे लोकं घरी जाऊ देत नाहीत. तेवढ्यात मुकादमाची बायको वराडली, चुड्या भर अन् निंघ वं."

"कुठली आहे ती?"

"संग्रामपूरकडची, पहाडाखालची. बारा-तेराची असंन. शादीत नेतो म्हनून आनलं म्हने. अशा चौदा पोरी हायेत."

मनियारीण गेल्यावर उपनिरीक्षक माझ्याकडे आल्या. "सर, उद्या सकाळीच छापा घालू. फुलं सकाळीच घासावी लागतात, त्या वेळी सगळ्या मुली शेतात असणारच. कामगार अधिकाऱ्यांना आणि पंचांना मी कळवते. तोवर बाहेर कुणाला कळू नये."

योजना बिनचूक होती. मी "ठीक" म्हणालो.

त्या बाहेर गेल्या आणि मी बीट जमादाराला बोलावलं. प्लॉटच्या मालकाला ठाण्यात घेऊन ये म्हणून सांगितलं. छाप्याआधी त्याचा जबाब माझ्या हातात असला की एसपी साहेबांना पहिला फोन माझा जाईल, एवढाच माझा हिशेब. मालक आला, चहा प्यायला, पोरींबद्दल विचारल्यावर "साहेब, नात्यातल्या पोरी हायेत, गवत काढतात," म्हणाला आणि गेला. जबाबात दम नव्हता. मी तो कागद फाडून टाकला.

सकाळी छापा पडला. शेतात अकरा मुली होत्या. झोपडीत भाकरीच्या परातीजवळ जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या थाळ्या होत्या, त्या उपनिरीक्षकांनी मोजल्या. चौदा.

मुकादम हात जोडून पुढे आला. "साहेब, काऊन बदनाम करता गरिबाले? पोरी खुशीनं आल्या. विचारा ना त्यायले."

मी विचारलं. मुलींनी खाली मान घालून सांगितलं, "हाव, खुशीनं आलो."

मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. चार शिपायांसमोर मी म्हणालो, "बघा मॅडम, राजीखुशीचा मामला आहे. गुन्हा होत नाही."

त्यांनी आवाज चढवला नाही. "सर, दंड संहितेतलं कलम ३७०, माणसांच्या तस्करीचं, बदललंय. फसवून किंवा धाकात ठेवून, शोषणासाठी माणूस आणला की झालं. त्याची संमती होती का, हा प्रश्नच येत नाही. तसं कलमातच लिहिलंय." फाइलमधून त्यांनी झेरॉक्स काढून दिली. कायदा बदलल्याचं परिपत्रक माझ्याही टेबलावर आलं होतं. मी न वाचता सही केली होती.

मग त्या सर्वांत लहान मुलीजवळ उकिडव्या बसल्या. "गवत काढतेस म्हणे. मग नख एवढं कशाला वाढवलं गं?"

मुलीने अंगठा मुठीत लपवला.

"कळी सोलता येते? मला तर जमायची नाही."

मुलीने हसून कळी तोडली आणि नखाच्या एका फिरकीत सोलून दाखवली. "माह्यापेक्षा ते भारी करे. मुकादम तिलेच शाबासकी दे."

"ती कोण?"

"चुडीवालीशी बोलली ते. तिले अन् दोघीयले काल जीपमधी नेलं."

मुकादमाला झाडाखाली बसवून आम्ही विचारपूस सुरू केली. उपनिरीक्षकांनी विचारलं, "काल तुला कुणी सांगितलं पोलीस येणार म्हणून?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. त्याआधीच मी त्याच्या कानशिलात लगावली. स्टाफला वाटलं, साहेबांना पोरींचा कळवळा आला. मुकादम काय समजायचं ते समजला आणि पुढे कधी बोलला नाही.

गुन्हा ३७० खाली दाखल झाला, मुली बाल कल्याण समितीपुढे गेल्या, मुकादम आणि मालकाला शिक्षा झाली. नेलेल्या तिघींपैकी दोघी मलकापूरच्या रेल्वे स्टेशनवर सापडल्या. तिसरी, निरोप धाडणारी, माझ्या निवृत्तीपर्यंत सापडली नाही. नंतरही नाही.

खबर फुटली कशी, असं बैठकीत विचारलं गेलं तेव्हा मी म्हणालो, "मॅडमनी खबरी बाईला सगळ्यांदेखत टेबलाशी बसवलं होतं." स्टेशन डायरीत जमादाराची ती फेरी मी 'नेहमीची गस्त' म्हणून लिहिली. उपनिरीक्षकांच्या नावे कसुरी अहवाल गेला, पाठोपाठ त्यांची बदली झाली. प्रशस्तिपत्र मला मिळालं. त्या निघाल्या त्या दिवशीही मी त्यांच्याकडे पाहून जळतच होतो, कारण बदलीचा कागद घेताना त्यांनी मला नियमाप्रमाणे कडक सॅल्यूट केला.

या प्रकरणाने मला एवढं शिकवलं की कायदा कितीही चांगला असो, तो ठाणेदाराच्या टेबलावरून जातो. तिथे लाच घेणाराच बसलेला असतो असं नाही. हाताखालच्याचं चांगलं न बघवणारा एक माणूस पुरतो. गेल्या महिन्यात मी एसपी ऑफिसला हे सगळं लेखी दिलं. कसुरीची नोंद निघेल की नाही, ठाऊक नाही.

त्या मुलीची आई छाप्यानंतर ठाण्यात आली होती. तीन एसटी बदलून. बाकावर न बसता भिंतीला टेकून खाली बसली. मला म्हणाली, "साहेब, माह्या पोरीनं निरोप धाडला व्हता म्हनतेत. मंग उशीर काऊन झाला?"

मी म्हणालो, "तपास चालू आहे."

माय, उशीर झाला नव्हता. तुझ्या पोरीचा निरोप वेळेत पोचला होता. तो मीच फोडला.