तीन परसांवरचं झाड

गडमुडशिंगीच्या आमच्या मळ्यात, विहिरीच्या कडेला धुणं आपटायचा एक दगड होता. करडा, गोलसर, ओंडक्यासारखा लांब आणि एका टोकाला तुटलेला. विहीर पाडताना तो मला सापडला होता. त्या वेळी मी आणि माझा धाकटा भाऊ जवान होतो. लाकडासारखा दिसतोय म्हणून मी तो वर ओढून घेतला आणि घरच्या बायकांनी त्याच्यावर धुणं सुरू केलं. पुढं किती वर्षं त्याच्याकडं कुणी बघितलं नाही.

नव्वद सालानंतर कधीतरी कोल्हापूरच्या एका कॉलेजातल्या बाई गावात आल्या. त्या विहिरी बघत हिंडत होत्या. मला वाटलं, पाणी दाखवणाऱ्या असतील. त्या म्हणाल्या, "काका, विहिरीत जमिनीचे थर उघडे दिसतात. आमच्यासाठी एवढं खोल कोण खणून देणार?"

हे मला पटलं. आमच्या विहिरीत मात्र थर दिसत नव्हते. आतली मऊ माती ढासळू नये म्हणून मी वरपासून खालच्या कातळापर्यंत दगडी भिंत घातली होती. गवंडी लावला नव्हता. मी चौथी शिकलो, पण भिंत घालावी तर मीच, हे आजही सांगतो.

बाई परत निघाल्या आणि धुण्याच्या दगडापाशी थबकल्या. तिथंच खाली बसल्या. आमची मंडळी चादर आपटत होती. ती म्हणाली, "बाई, वाईच सरका की, साबण उडंल." बाई सरकल्या नाहीत. दगडाच्या तुटक्या टोकाचा कपचा मागितला, तो मी छिन्नीनं काढून दिला.

महिन्याभरानं त्यांनी मला कॉलेजात बोलावलं. त्या कपच्याची कागदासारखी पातळ चकती घासून त्यांनी यंत्राखाली ठेवली होती. मी डोळा लावला. चाळणीसारखी भोकंच भोकं.

"हे लाकूडच आहे," बाई म्हणाल्या. "लाकूड कुजत गेलं आणि पाण्यातल्या क्षारांनी त्याची जागा घेतली. आता यात वळी शोधा बरं, खोडातली गोल कडी. पावसात झाड वाढतं, उन्हाळ्यात थांबतं, त्याचं वळं पडतं. यात वळं नाही."

"म्हंजे उन्हाळाच न्हवता?"

"बहुतेक बारा महिने ओल होती."

"मग पेरणी कवा करायचे?"

"काका, पेरायला माणूसच नव्हता."

"मग कुणाच्या उपेगाचा त्यो पाऊस?" मी म्हणालो. बाई हसल्या, पण मला खरंच ते कळलं नव्हतं.

मग त्यांनी अडचण सांगितली. काही झाडांत वळी पडतच नाहीत, तेव्हा एका लाकडावरून पावसाचं बोलता येत नाही. ते ज्या मातीत होतं ती माती पाहिजे. तिच्यात पानांचे ठसे असतात, फुलांचे पराग असतात. मी सांगितलं, दोन कातळांच्या मध्ये तांबूस मातीचा थर आहे, तीन परस खोलीवर. बाईंनी सावकाश विचारलं, "नक्की विहिरीतच सापडला ना? कुणी दुसरीकडून आणून टाकलेला असेल, तर नुसता कपाटात ठेवण्यापुरता."

 ते मला लागलं.

बाई पुन्हा मळ्यात आल्या तेव्हा भाऊ त्यांच्यासमोरच म्हणाला, "आज्ज्यानं गाडीतनं आणलाय त्यो. मला आठवतंय."

"तुला काय आठवतंय? तू तवा वर बसून भाकरी खाईत हुतास."

"कुणीतरी खायाच पायजे की दादा."

मी तिथंच ठरवलं, भिंत उघडायची. भाऊ भडकला. विहीर दोघांच्या सामाईकीत होती. "पाऊस तोंडावर आलाय. भिंत बसली तर दोघांचाबी ऊस वाळंल. एका दगडासाठी हीर घालवतोस व्हय?"

"दगडासाठी न्हाय. माझा शबुद खोटा म्हणतोस, त्येच्यासाठी."

दोन्ही हात वर करून माणूस उभा राहिला की पायापासून बोटांपर्यंत एक परस होतो. आमच्याकडं विहिरीची खोली तशीच मोजायचे. मी कासरा माझ्याच अंगाला लावून तीन परस मोजला, विहिरीच्या काठावरून सोडला, आणि जिथं टोक आलं तिथले दगड काढले. मागं काळा कातळ. छिन्नी मारली तर ठिणगी उडाली. बाजूचेही काढले. कातळच.

रस्त्यानं जाणारा एक जण वाकून म्हणाला, "काय पावणं, हिरीला खिडकी पाडाय लागलाय व्हय?" भाऊ हसला. बाई हसल्या नाहीत. पिशवीत सामान भरायला लागल्या, ते मला जास्त झोंबलं.

मी वर येऊन काठावर बसलो. समोर उसाची सरी होती आणि ती माझ्या पायांच्या बरीच खाली होती. तेव्हा डोक्यात आलं. विहीर पाडताना निघालेला सगळा मुरूम आम्ही भोवतीनं टाकून काठ उंच केला होता, ओढ्याचं पाणी आत येऊ नये म्हणून. मी तीन परस मोजले होते ते त्याच्या आधी, मोकळ्या रानापासून. मी बसलो होतो ती जागा तेव्हा नव्हतीच, ती विहिरीतनंच निघालेली.

कासरा रानाच्या पातळीपासून धरला. टोक पाण्याखाली गेलं. भावानं कुरकुरत मोटार चालू केली. पाणी त्याच्याच उसात जात होतं, म्हणून फार बोलला नाही.

पाणी उतरल्यावर खालचे दगड काढले आणि तांबूस माती लागली, नखानं निघेल अशी. बाई पायऱ्यांवरून ओरडल्या, "कुणी हात लावू नका." आधी फोटो, मग माप, मग माती पिशव्यांत. एका ढेकळात पानाचा ठसा निघाला. पानाचं टोक लांब असलं तर ते पाऊस निथळायला असतं म्हणे. टोक नेमकं तुटलेलं. वर्षभरानं बाईंनी सांगितलं की मातीत सावलीत, ओलीत वाढणाऱ्या नेच्यांच्या खुणा पुष्कळ मिळाल्या, आणि आता दाट रान होतं असं म्हणायला हरकत नाही.

त्या दिवशी मात्र आणखी आत उकरल्यावर ओंडक्याचं दुसरं टोक निघालं. भाऊ न बोलावता खाली उतरला. दोघांनी दोर लावून ते वर ओढलं आणि धुण्याच्या दगडाच्या तुटक्या टोकाला भिडवलं. कपचा काढलेली जागा सोडली तर फट राहिली नाही.

भावानं सांध्यावरून बोट फिरवलं. एकदा, मग परत एकदा.

"व्हय," तो म्हणाला. मग विहिरीत डोकावून बघितलं. "भिंत उद्याच घालू या. मी चुना कालवतो, तू दगड लाव."

"मीच लावणार," मी म्हणालो.