म्होरकीचा नंबर

पाटोद्याच्या शेळीपालक संघात बजरंगनं अकरा वर्षं शेळ्यांचे नंबर हातानं लिहिले. अक्षर असं, की लोक कामाचं विसरून वहीच पाहत बसत. मग ऋतुजा आली. ओळीनं नंबर दिले की चोर पुढचा नंबर ओळखून कानातला खोटा बिल्ला करतो, म्हणून तिनं प्रोग्रॅम लिहिला. एक गुप्त शब्द आणि शेळ्यांची यादी दिली, की प्रत्येकीला कुणालाच न ओळखता येणारा वेगळा नंबर. तोच शब्द, तोच क्रम दिला, की पुन्हा तेच नंबर. पहिल्याच दिवशी अध्यक्ष आप्पाराव तिच्या खुर्चीमागं उभं राहून बघत होते. बजरंगच्या खुर्चीमागं ते अकरा वर्षांत एकदाही उभे राहिले नव्हते. त्याचा नुसता जळफळाट झाला.

एका दुपारी ती डबा खायला गेली आणि त्यानं नंबरांची फाईल उडवली.

तासाभरात मुंजाजी आणि हरिबा भांडतच आले. दोघांचीही काळी शेळी हरवलेली, बाजारात सापडली एकच, ती बरोबर आणलेली. ऋतुजानं शोधली, पण फाईलच नव्हती. मग सभासद होताना दोघांनी दिलेल्या कागदांवरून शेळ्या पुन्हा टाईप केल्या, तोच शब्द दिला. बिल्ल्यावरचा नंबर हरिबाच्या नावावर निघाला.

"ही माझी म्होरकी हाय," मुंजाजी म्हणाला. "मशीन का म्हून खोटं बोलतंय?"

ऋतुजाचा चेहरा उतरला. बजरंगला फार बरं वाटलं, कारण चूक त्याला ठाऊक होती. म्होरकी, म्हणजे कळपाच्या पुढं चालणारी शेळी, चारचौघांत मोजली की तिला नजर लागते, म्हणून कागदावर ती पहिली असूनही बिल्ले मारायच्या दिवशी मुंजाजीनं तिला लपवलं होतं. हरिबाच्या शेळ्या उरकल्यावर बजरंगनंच त्याची समजूत घातली आणि तिला सगळ्यात शेवटी बिल्ला मारला. फाईल गेल्यावर तो क्रम फक्त त्याच्या वहीत उरला होता. आता गप्प बसलं, की ऋतुजाचं नाव गेलं.

पण मुंजाजी शेळीच्या गळ्यात हात टाकून जमिनीवर बसला होता.

"म्होरकी शेवटी घाल, पोरी," बजरंग म्हणाला आणि वही टेबलावर टाकली.

नंबर जुळला. मुंजाजी शेळी घेऊन गेला. ऋतुजा खुशीत वही चाळू लागली.

"बरं झालं दादा, फाईल उडाली. न्हाईतर ही चूक कळलीच नसती. आता क्रमपण प्रोग्रॅममधीच ठेवते. तुमची वही लागणार न्हाई."

आप्पाराव आत आले आणि तिच्या खुर्चीमागं जाऊन उभे राहिले.